आईच्या फॉर्मवरचं शून्य

मोहन गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. पाठचा सख्खा भाऊ गेला आणि मला रडू आलं नाही, हे लिहायची मला लाज नाही. दीड महिना झाला, अख्खं जबलपूर त्याचे गोडवे गातंय... माणूस मेला की लगेच देव! मला नाही बाई जमत.

मोहन आरोग्य-अर्थतज्ज्ञ होता. कोणत्या उपचारावर खर्च केला तर माणसाला किती चांगलं आयुष्य मिळतं, हे मोजायच्या पद्धती बसवण्यात त्याचा जन्म गेला. त्यात एक प्रश्न असायचा: “समजा, या आजारात तुमची दहा वर्षं उरलीत. ठणठणीत बरं होण्यासाठी त्यातली किती सोडाल?” जो जास्त सोडेल, त्याचं आजारातलं जगणं तेवढं कमी मोलाचं. जबलपूरजवळच्या कुंडमकडच्या खेड्यांत पाहणीला जाण्याआधी हा प्रश्न तो घरच्यांवर तपासून बघायचा. उत्तरं पेन्सिलीने लिहायचा, चुकलं तर खोडता यावं म्हणून. खोडरबर कायम खिशात.

लकव्याने पडलेल्या आईलाही त्याने सोडलं नाही. मी तिला पेज भरवत होते, आणि हा उशाशी फॉर्म घेऊन बसला.

“आई, दहातली किती सोडशील?”

आई लगेच म्हणाली, “दहाच्या दहा घे बाप्पा. माझं आयुष्य तुला लागो!”

अहो, हा आशीर्वाद! कुठलीही आई देते. आणि या दिवट्याने लिहिलं काय? दहाही वर्षं सोडली, म्हणजे जगण्याचं मोल शून्य.

“काय करून राहिला, मेल्या? खोड ते!” मी ओरडले. लहानपणापासून मी त्याला मेल्याच म्हणायची.

“पद्धत सगळ्यांना एकच, दीदी. आईसाठी बदलू काय?”

आई त्यानंतर चार वर्षं जगली. एका हाताने पत्ते खेळायची, त्यातही लबाडी करायची, मला शिव्या द्यायची आणि पोट धरून हसायची. हे शून्य? मोहन आला की मी म्हणायची, “खोड.” तो “अच्छा, चलो” म्हणत चपला घालायचा. शेवटच्या भेटीत त्याच्या नाकात नळी होती, तरी मी तेच म्हटलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं... मग मीही उठून आले.

परवा वहिनीने त्याची खोली आवरायला बोलावलं. टेबलाच्या खणात पेन्सिलींचे तुकडे, झिजलेलं खोडरबर आणि त्याखाली आईचा तो फॉर्म. फाडायलाच उचलला. वर आईचं नाव, त्याच्याच अक्षरात. उत्तराच्या चौकोनात मात्र शून्य नव्हतं. खोडून, परत लिहून, परत खोडून तिथे कागदाला भोक पडलं होतं.

“मग मला सांगितलं काहून नाही रे, मेल्या?” मी मोठ्याने बोलून गेले. तो शब्द माझ्याच कानावर पडला, आणि मला खाली बसावं लागलं.