वडाळ्यावरून जा

आमच्या गल्लीतल्या मामांना जेवढी मुंबई ठाऊक आहे तेवढी खुद्द मुंबईकरांनाही नसेल, आणि मामांनी ती उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेली नाही. हर्सूलच्या बाजूला पोस्टमन म्हणून जन्म काढला. फर्दापूर आणि पैठण या दोन टोकांबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. पण सायनच्या पुलाखालून कोणती लाल बस कुठं जाते, भायखळ्याला कोणत्या हाताला उतरायचं, हे त्यांना तोंडपाठ! गल्लीतून कुणी मुंबईला निघालं की मामा दारात हजर. पाठकोऱ्या कागदावर रस्ता लिहून देणार आणि वर दोनदा म्हणून घेणार.

आता तुम्हाला मंत्रालयात जायचं असो, परळच्या दवाखान्यात की गेटवे बघायला, मामांचा रस्ता वडाळ्यावरूनच जायचा. समोरच्या वहिनी बोरिवलीला भाच्याच्या लग्नाला निघाल्या, त्यांनाही वडाळा! बिचाऱ्या पोचल्या तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. परत आल्यावर त्या भांडायला गेल्या, तर मामा शांतपणे म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. वळणावरच्या पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत काय वाळत होतं?"

वहिनींचा राग तिथंच विरला, कारण त्या गॅलरीत कोण राहतं हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मामांच्या एकुलत्या एक मुलानं परजातीतल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा मामा गरजले होते, "ह्या घराचा उंबरा पुन्हा चढू नको." पोरानं जन्मात पहिल्यांदा बापाचं ऐकलं. आठ वर्षं झाली, ना फोन, ना चिठ्ठी. मामांनी त्याच्या मित्राकडून पत्ता तेवढा काढला आणि मुंबई पाठ करायला घेतली. आम्ही म्हणायचो, "अहो, जाऊन या की एकदा!" त्यावर ठरलेलं उत्तर, "मीच तोडलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ?" हट्टी माणूस! एकदा कुणीतरी सांगितलं की दोरीवर झबली होती. त्या दिवशी मामांनी गल्लीभर पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला हाकलून दिलं.

गेल्या हिवाळ्यात माझं परळला काम निघालं. अर्थातच वडाळ्यावरून गेलो. मान वर करून बघतोय, दोरीवर शाळेचा छोटा फ्रॉक आहे, तोच गॅलरीतून एक बाई वाकली. "संभाजीनगरचे ना तुम्ही? वर या, चहा घ्या."

मी पकडलेल्या चोरासारखा वर गेलो. नवरा कामावर, मुलगी शाळेत. चहा ठेवत सूनबाई म्हणाली, "दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी खाली उभं राहून वर बघतं. आम्हाला केव्हाच कळलंय. मागे बाल्कनी आहे, तिथे ऊन चांगलं येतं. पण हे म्हणतात, मुलीचे कपडे पुढेच वाळत घाल, बाबांना दिसायला पाहिजेत."

परत आल्यावर मी मामांना अक्षर न अक्षर सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी बसचा नंबर विचारला नाही. फ्रॉक केवढा होता ते मी हातानं दाखवलं, तर त्या हाताकडंच ते किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाव काय ठिवलंय रं पोरीचं?"

मी विचारलंच नव्हतं. चहा पिऊन, बिस्किटं खाऊन, निरोप घेऊन आलो, आणि एवढं एक विचारलं नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घालून तसं सांगितलं.

मामा चिडले नाहीत. बराच वेळ धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले.

"जाऊ दे," ते म्हणाले, "ते मीच इचारीन तिला."