खांद्यावरची चार बोटं

भिलाई सोडली त्या दिवशी बाबांनी मला स्टेशनाच्या आधी वैशाली नगरच्या फोटो स्टुडिओत नेलं. दुर्गहून दुपारची गाडी होती, बॅगा आईच्या पायाशी होत्या आणि मी चिडलो होतो. पुण्यात काय स्टुडिओ नाहीत? पण बाबांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. "कोटातला फोटो पाह्यजे. साहेब लोक पयले फोटो पाह्यतात, मंग माणूस," ते म्हणाले. सारी हयात स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या धगीत तोंड भाजून घेतलेल्या माणसाचं हे मत होतं. पुढे ते खरं निघालं, याचा मला अजून राग येतो.

स्टुडिओत एकच काळा कोट होता. ज्याला तो ढगळ होईल त्याला मागून कपड्यांचे चिमटे लावायचे. मला चार लागले. माझा एकट्याचा फोटो झाल्यावर आई म्हणाली, "तुमी बी उभे राहा ना." बाबा नेहमीसारखे मागे सरले. "मले कायले? माया फोटो गेटपासवर हाये ना." लग्नाचा अल्बम क्वार्टर बदलताना पावसात भिजून गेला होता, तेव्हापासून त्यांचा ओळखू येईल असा चेहरा होता तो प्लांटच्या त्या गेटपासवरच. आईनं ढकललंच. ते माझ्या मागे उभे राहिले. हात कुठे ठेवावा कळेना, शेवटी माझ्या खांद्यावर ठेवला. फोटोवाल्यानं दोन्ही फोटो माझ्या मोबाइलवर पाठवले. आई प्रिंट मागत होती, तर बाबा म्हणाले, "प्रिंट कायले? पोराच्या मोबाइलमंदी हाये, म्हंजे घरीच हाये."

पुण्याच्या खोलीवर नीट पाहिलं तर एकट्याच्या फोटोत माझे डोळे मिटलेले. मग नोकरीच्या साइटवर टाकायला मी दोघांचा फोटो घेतला आणि बाबांना कापलं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे कबूल करतो. चौकट कितीही सरकवली तरी डाव्या खांद्यावरची त्यांची चार बोटं जाईनात. ती घालवायची तर माझाच खांदा जात होता. राहू दिली. सेव्ह दाबलं आणि कापलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी जाऊन बसला.

नोकरी लागली. टीम लीडनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "हे भूत कुणाचं रे तुझ्या खांद्यावर? जरा प्रोफेशनल फोटो काढून घे." सगळे हसले, मीही हसलो. मग एका झगमगीत स्टुडिओत तासभर हाताची घडी घालून उभा राहिलो. हनुवटी खाली, खांदे सैल, कॉन्फिडंट दिसा पण मोकळे दिसा. दोनशे फोटो निघाले. भिलाईत असताना हथखोजच्या कारखान्यात वर्षभर ठेक्यावर होतो, तिथल्या वेल्डिंगच्या ठिणगीचा गालावरचा डाग त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकला. शेजारणीच्या मोबाइलवर तो फोटो पाहून आई म्हणाली, "चांगला हाये. पण तुया डाग कुठी गेला?" पुढे मी फोन बदलला. जुनं काय काय राहून गेलं ते तपासलं नाही.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, भिलाईला लागूनच कुरुदला दोन खोल्यांचं घर झालं. गेटपास नियमाप्रमाणे जमा केला. दुसऱ्याच हिवाळ्यात ते एका सकाळी छाती धरून बसले आणि गेले.

तेरवीच्या आधी आई म्हणाली, "तो फोटो काढ, तुया बाबाचा. मोठा करून आन." मी वैशाली नगरला पळालो. फोटोवाला म्हणाला, "भैया, वो कंप्यूटर तो कब का खराब हो गया." गेटपासचं विचारायला गेलो, तर जुने पास ठेवतच नाहीत. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून नेला. आईनं तो बराच वेळ हातात धरला. "हे तुये बाबा नाहीत. हे कोनी बी असू शकते." दर दिवाळीला घरी जात होतो मी. हातात नेहमी मोबाइल होता. त्यांचा एक फोटो काढायचं कधी सुचलं नाही, आणि माझे स्वतःचे दोनशे होते.

शेवटी कापल्याचं सांगितलं. साइटवर अजून पडून असलेला तो फोटो दाखवला. वाटलं, आई ओरडेल. ती स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाली, "हात तर त्यायचाच हाये ना. हाच आन."

तुम्ही भिलाईतच मागे राहिलेले मित्र विचारता, परत कधी येतोस. आणि माझ्यासारखे निघून गेलेले तुम्ही विचारता, आता तिकडे आहे काय. तिकडे कुरुदच्या घरात भिंतीवर माझा कोटातला फोटो आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून आईनं माझ्या तोंडावर पांढरा कागद चिकटवलाय. रोज आंघोळ करून ती त्या चार बोटांना गंध लावते, मग हार घालते. कागद पिवळा पडला की बदलते. मागच्या दिवाळीला मी समोर बसलो होतो, तेव्हा तिनं नवा कागद माझ्याकडूनच कापून घेतला.