एक कडवं जास्त

माझ्या वहिनीला पाळकपदाची दीक्षा मिळणार म्हटल्यावर सगळेच गोड बोलायला लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या लुथरन चर्चच्या मंडळीत बायकांनी वेदीवर फुलं ठेवायची, वेदीमागे उभं राहायचं नाही, असाच शिरस्ता होता. वहिनी दवाखान्यात परिचारिका. ड्यूटी संपली की आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना करायची आणि घरी कांदा चिरता चिरता बायबलची ग्रीक क्रियापदं घोकायची. ती कांद्यामुळे रडायची की ग्रीकमुळे, हे माझ्या दादाला अजून कळलेलं नाही.

विरोध होता एकाच माणसाचा, आमच्या म्हाताऱ्या निवृत्त पाळकांचा. बाईच्या हातून प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेणार नाही, असं ते चारचौघांत बोलून बसले होते. त्यांनी पाठ फिरवली की निम्मी मंडळी त्यांच्यामागे जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग वहिनीने काय रिकाम्या बाकांना उपदेश करायचा? आणि दीक्षेच्या आधी हेच गृहस्थ अचानक घरी आले. चहा घेतला, वहिनीचा वेदीवर घालायचा नवा झगा उलटसुलट करून पाहिला.

"बाह्या लांब झाल्यात. प्याल्यात बुडतील," म्हणाले आणि गेले.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," मी म्हटलं.

"फौजदारबाई, बाह्या खरंच लांब आहेत गं," वहिनी म्हणाली आणि उसवायला बसली. इतकं भाबडं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दीक्षेला ऑर्गनवर मीच होते. वाजवताना वेदीकडे पाठ असते, म्हणून समोर छोटा आरसा लावलेला आहे. त्यात सगळं दिसलं. वहिनी गुडघ्यांवर. बिशपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग रिवाजाप्रमाणे हजर असलेले पाळक एकेक करून हात ठेवायला उठले. निवृत्त पाळक जागचे हलले नाहीत. माझा नुसता तिळपापड झाला.

मग वहिनीच्या हातचं पहिलं प्रभुभोजन. मी गीत सुरू केलं. थोडे लोक पुढे गेले; बाकीचे बसल्या जागेवरून म्हाताऱ्याकडे बघत होते. रांग संपत आली आणि तो उठला. भर मंडळीत नकार द्यायलाच चाललाय, मला खात्रीच पटली. गीताची कडवी संपली, लोक गायचे थांबले, तरी माझे हात थांबेनात.

म्हाताऱ्याने तळहात पुढे केला. वहिनीने भाकरीचा तुकडा ठेवला. मूठ मिटली. मी त्याच्या खिशाकडे डोळे लावले. पण हात तोंडाकडे गेला. तरी मी गळ्यावरून नजर काढली नाही. शेवटी गळा हलला, आणि माझ्यामागे बाकं करकरली. लोक उठत होते.

नंतर झगा घडी करताना वहिनी म्हणाली, "आज एक कडवं जास्त वाजवलंस."

"म्हातारा गिळतोय की नाही, ते बघत होते."

वहिनीने बाही सरळ केली.

"मीपण," ती म्हणाली.