चौथ्या फळीवरची चिठ्ठी

रंगूबाईचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि इस्लामपूरजवळच्या एका मुलींच्या हायस्कुलात तिला शिपायाची जागा मिळाली. सातवी पास होती, म्हणून घंटा देण्याबरोबर वाचनालयाचं कपाटही तिच्याच गळ्यात पडलं.

कपाटात गोष्टींची तीनशेवर पुस्तकं, आली त्या क्रमानं, दाखल नंबरानं लावलेली. पोरींना नंबराचं काय? मधल्या सुट्टीत त्या दाराशी गर्दी करायच्या. "मावशी, भुताचं द्या." "मावशी, लय रडू येईल असलं द्या." रंगूबाई शोधून दमायची, तोवर सुट्टी संपायची आणि पोरी रिकाम्या हातानं परत. शाळा सुटली की यांतल्या निम्म्या उजवल्या जाणार. मग कुठलं पुस्तक नि कुठलं काय! आत्ताच काय ते वाचून होऊ दे, एवढाच घोर तिला लागून राहिला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत तिनं एकेक पुस्तक चाळून, बरीचशी पुरी वाचून, वेगवेगळी लावली. वर ऐतिहासिक, त्याखाली विनोदी, मग रहस्यकथा. चौथ्या फळीवर चाळीसेक उरली.

मराठीचे शिंगटे सर म्हणाले, "त्यावर 'सामाजिक' लिहा. तसंच म्हणतात."

"समाजाचं काय हाय त्यात, सर? पोरगा-पोरगी, ताटातूट, न्हाईतर लगीन. पोरींना कळाय नगो?"

सर हसले. "लिहा मग तुमच्या मनासारखं."

तिनं ठळक अक्षरांत 'प्रेमकथा' लिहून चिठ्ठी खळीनं डकवली.

जूनपासून कपाटापुढं जत्रा. सहामाही परीक्षेला पुस्तकं जमा झाली, आणि नेमके त्याच आठवड्यात संस्थेचे चेअरमन भाऊसो आले. कपाटापुढं थबकले.

"प्रेमकथा! रंगूबाई, ही शाळा हाय का तंबूतला शिनेमा?"

"आवं भाऊसो, वंगाळ काय न्हाई त्यात. शेवटाला समदी सुधारत्यातच."

"तुला काय ठावं? तू वाचलीस व्हय ही समदी?"

शिंगटे सर जमिनीकडं बघत होते. व्हय म्हणावं, तर विधवा बाई काय वाचते हे उद्या गावभर होणार. न्हाई म्हणावं, तर बोलायला तोंडच उरणार नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग गप ऱ्हा की."

तीनशेंत विखुरलेली होती तेव्हा ही पुस्तकं कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. आता एका फळीवर आयती मांडलेली. दोन गड्यांनी एका खेपेत पोत्यांत भरून नेली. 'सामाजिक' लिहिलं असतं, तर भाऊसोंनी शाबासकी दिली असती.

परीक्षेनंतर पोरी आल्या. "मावशी, रडायचं द्या."

रंगूबाईनं एक ऐतिहासिक पुढं केलं. "ह्यात बी मरत्यात की माणसं."

"ते लढाईत मरत्यात, मावशी. त्यात काय रडायचं?"

तिनं ते पुस्तक परत फळीवर ठेवलं.

दिवाळीनंतर पोरी यायच्याच थांबल्या. हेडमास्तरांनी कपाट पूर्वीसारखं लावायला सांगितलं. मधेमधे नंबर तुटत होते, पुस्तकं कलंडत होती. तिनं ती सरकवून एकमेकांना टेकवली, म्हणजे मधे काही होतं असं वाटू नये.