माकडटोपीतला निवडुंग

लखनौच्या धुक्यात निवडुंग गारठेल म्हणून मी त्याला माझी माकडटोपी घातली, आणि नेमके तेव्हाच खालच्या मजल्यावरचे प्रोफेसरसाहेब वर आले. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुंडीकडे जरा वेळ बघून ते अदबीने म्हणाले, "हुज़ूर, इन्हें भी जुकाम हो गया?"

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. तिकडे निवडुंग बांधावर रणरणत्या उन्हात उभा असतो. त्याला ऊब हवी, एवढंच माझं ज्ञान. हा मात्र उन्हाळ्याच्या सुटीत नैनीतालच्या नर्सरीतून आणलेला, लिंबाएवढा, अंगभर बारीक पांढऱ्या काट्यांचा. कुंडीतल्या चिठ्ठीवरचं नाव वाटेतच पावसाने धुऊन नेलं. आता मी पडलो रेल्वेतला इंजिनियर. आमच्याकडे डब्यापासून खांबापर्यंत नाव-नंबराशिवाय काही उभं राहत नाही. लायब्ररीतल्या एका पुस्तकात तसाच फोटो दिसला, आणि मी आलमबागच्या पेंटरकडून पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत, थेट स्टेशनासारखी, पाटी रंगवून घेतली : मॅमिलेरिया. ऑफिसात सगळ्यांना सांगूनही झालं.

प्रोफेसरसाहेबांनी पाटी वाचली. "हो सकता है. मगर फूल तो आने दीजिए. मैमिलेरिया सिर पर ताज पहनता है. कहीं और से खिला, तो तख़्ती बदलनी पड़ेगी."

झालं! आता मला फूल हवं होतं, आणि तेही डोक्यावरच.

दोन हिवाळे तो स्वयंपाकघरात, सिगडीशेजारी राहिला. बायकोचं तुळशीला पाणी घालून झालं की मी याला कोमट पाणी देई. इतक्या सेवेनंतर तो फुलायचा सोडून फिकट आणि लांबुडका होत चालला. आमची मुलगी मराठी समजे, पण उत्तर हिंदीतच देई. ती म्हणाली, "पापा, ये तो लौकी बन रहा है." लौकी म्हणजे आपला दुधी भोपळा.

तिसऱ्या हिवाळ्यात मी लाइनवर दौऱ्यावर होतो. इकडे पोळ्या लाटताना बायकोच्या कोपरात काटे घुसले, आणि तिने कुंडी उचलून गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला नेऊन ठेवली. मी परतलो तेव्हा हे कळलं.

"अगं, पण पाणी?"

"मागितलं नाही त्याने."

गच्चीवर गेलो. आक्रसलेला, सुरकुतलेला, अर्धा मातीत रुतलेला. मी म्हणालो, "गेला."

"गेला असेल तर त्याला आता थंडी वाजणार नाही. नसेल तर राहू द्या तिथेच. निदान माझ्या सब्जीत काटे तरी नाहीत."

धुकं सरलं. होळीच्या सुमाराला बघतो तर निवडुंगाच्या बुडाशी लाल ठिपके. कीड! मी रॉकेलचा बोळा घेऊन धावलो. प्रोफेसरसाहेब गच्चीवर ऊन खात बसले होते. ते एवढ्या जोरात ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. "ठहरिए! कलियाँ हैं!"

आठवडाभरात ती उमलली. शेंदरी, झाडापेक्षा मोठी वाटणारी फुलं, उन्हात उघडत आणि संध्याकाळी मिटत. सगळी बुडाजवळून आलेली. डोकं माझ्यासारखंच, साफ.

प्रोफेसरसाहेबांनी भिंग लावून पाहिलं. "रेबुशिया है, जनाब. दक्षिण अमरीका के ऊँचे पहाड़ों का. सर्दी में ठंड खाता है और प्यासा सोता है, तब कहीं फूल देता है. और आपने बेचारे को रसोई में बिठा रखा था!"

मी पाटी उपसली. नवी कुठल्या रंगात करावी, याचा विचार करतच होतो. बायको शेजारी पापड वाळत घालत होती. तिने फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मार्च लागला तरी माकडटोपी माझ्या डोक्यावर होतीच.

"पुढच्या हिवाळ्यात तुम्हालाच इथे ठेवते," ती म्हणाली, "चहा बंद करून. नक्की कोण आहात, तेही एकदा कळू दे."