फितीआडचा जावई

माझं हृदय तालात चालत नाही, ही गोष्ट आमच्या नांदेडच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि लातूरच्या सासुरवाडीत बायको सोडून कुणालाही नाही. सासरे आडतदार. पोत्यात हात घालून तुरीचा ओलावा सांगणारा माणूस! वीस वर्षांपूर्वी पारखून घेतलेला जावई खराब निघाला, हे त्यांना कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

अशात मेहुण्याने, शिवराजने, आपल्या जिममध्ये सौना काढला. तापलेल्या दगडांची लाकडी खोली, आत बसून घाम काढायचा. (लातुरात. मे महिन्यात!) त्याचा फोन आला, "दाजी, पयला बसायचा मान तुमचा. न्हाई म्हणायचं न्हाई."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सध्या ठोके आटोक्यात आहेत. पाच मिनिटं, जास्त नाही. भरपूर पाणी पिऊन जा, एकटे बसू नका आणि धडधडलं की लगेच बाहेर." सुनीताने, म्हणजे बायकोने, हे सगळं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी नेमका सोमवार होता. सासुरवाडीत सगळ्यांचा उपवास, पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी एकटाच घटाघटा कसा पिणार? मग मला फेटा बांधला, हार घातला, शाल पांघरली. "शाल तरी काढतो," म्हणालो, तर सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, फोटोत चांगली दिसती." आत मला एकट्यालाच बसवलं, कारण मान एकट्याचा असतो! सुनीता तिकडे हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायकांत अडकली होती.

दाराला काच होती. काचेतून पाहतो तर शिवराज दारावर लाल फीत बांधत होता.

"हे काय रे?" मी आतून ओरडलो.

"पाहुणे फीत कापतेत, तुम्ही हसत बाहेर यायचं! आलेच ते, मुरुड सोडलंय."

(मुरुड ते लातूर चांगला अर्धा तास लागतो, हे मला जरा उशिरा आठवलं.)

पाच मिनिटं झाली. दहा झाली. छातीत आधी धडधडलं, मग एक ठोका गळाला, मग सगळाच गोंधळ सुरू झाला. मी घाबरलो, अगदी मनापासून घाबरलो. इथे शालीत गुंडाळलेला मेलो तर सुनीताचं काय, हेच डोक्यात फिरत राहिलं. दाराला कुलूप नव्हतं. नुसतं ढकलायचं होतं. पण फीत तुटली असती, पाहुण्यांच्या आधी! मेहुण्याच्या धंद्याला पहिल्याच दिवशी अपशकुन, तोही जावयाच्या हातून?

मी काचेतून हात हलवला. बाहेरच्यांनीही हात हलवले. मी दोन्ही हात हलवले. टाळ्या वाजल्या!

सुनीताने तेवढ्यात वळून पाहिलं आणि ताट टाकून धावली.

"ताई, फीत! फीत तुटंल!" शिवराज किंचाळला.

"मसणात घाल तुझी फीत!"

पुढचं मला दवाखान्यातलं छतच आठवतं. छातीला तारा लावलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दाराला कुलूप होतं का?"

"नाही."

"मग बाहेर का आला नाहीत?"

"फीत होती."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. सुनीता भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि ते मला छातीतल्या गोंधळापेक्षा जास्त लागलं. सासरे पायाशी बसले होते.

"जावईबापू, सांगायचं तरी आमाला."

"तुम्हाला वाटलं असतं, माल खराब निघाला."

त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "माल चांगला हाय. अक्कल तेवढी तपासायची ऱ्हायली."

मी मान हलवली. फेटा अजून डोक्यावरच होता.