गोठ्याच्या खुंटीवरचं लुगडं

दादाचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात धवीच्या पोटाशी बसलो होतो आणि माझ्या अंगावर वयनीचं जुनं लुगडं होतं. ओल्या हातानेच फोन उचलला. "गेली रे ती," दादा म्हणाला. मागे इस्पितळातल्या माणसांचे आवाज येत होते. मग त्याने विचारलं, "धवीचां दूध काढून झालां?" मी हो म्हणालो. झालं नव्हतं. बाल्दी अर्धीच होती. गाय मान वळवून त्या लुगड्याचा पदर हुंगत होती. तिच्या लेखी वयनी तिथेच बसलेली होती.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर डिचोलीकडचं. लग्न होऊन ती पेडण्याला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होतो. चड्डीतल्या दिराला ती मानाने "भावजी" म्हणायची आणि त्याच दमात "नाक पूस आधी" असंही सांगायची. आई लवकर गेली, त्यानंतर मला वाढवलं ते हिने. पुढे मी मास्तर झालो, डिचोलीला बिऱ्हाड केलं. ती दोघं मात्र गुरांपाशी राहिली. गुरं असलेल्या घराला सुट्टी नसते, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दूध सकाळी काढावं लागतं आणि संध्याकाळीही. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता टाकायला दादा होता आणि जेवणाच्या पंगतीला वयनी. दोघं मिळून अशी कधी कुठे गेलीच नव्हती.

जायचं तिच्या मनात एकच ठिकाण होतं. तिचा आजो पोर्तुगीज अमदानीत मुरगावहून बोटीत बसून मोझांबिकला गेला आणि परत आला नाही. आला तो त्याचा एक फोटो. डोक्यावर टोपी, हातात दावं आणि दाव्याला पांढरी, वशिंडाची गाय. ती गाय आजोने बोटीतून इथूनच नेली होती, असं तिच्या माहेरी सांगायचे. वयनीला आजोपेक्षा त्या गायीचीच काळजी. "तिची पोरां-नातरां आसतली थंय," ती म्हणायची. "आमचीच गोरवां ती. कोणी तरी जावन बघूक नको?" दादा हसायचा. "बघ, तुझी वाट बघत दारात उभी आसतली!" शेवटी मीच मनावर घेतलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. म्हटलं, गोठा मी बघतो, तुम्ही जा. तिकिटं, व्हिसा, सगळं मीच केलं. मोपाच्या ज्या सड्यावर तिने उन्हातान्हात गुरं चारली, तिथे आता विमानतळ झालाय; तिथूनच ती विमानात बसली. निघताना तिने मला एवढंच बजावलं, की धवीवर ओरडायचं नाही.

धवीचं वासरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं. तेव्हापासून ती फक्त वयनीच्या हाताला पान्हा सोडायची. आम्हाला वाटलं होतं, चार दिवस आडमुठेपणा करील आणि मग येईल वळणावर. पण तिने मला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. कास दगडासारखी झाली. मी गूळ दिला, पाठ खाजवली, हात जोडले. मग एका सकाळी खुंटीवरचं लुगडं दिसलं. गोठ्यात काम करताना वयनी ते अंगावर घ्यायची. शेणाचा, धुराचा, तिच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास त्यात मुरला होता. मी ते गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि खाली बसलो. धवीने हुंगलं... आणि पान्हा सोडला. इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

तिकडून वयनीचे फोन यायचे. पहिले काही दिवस ती नुसती हरखलेली होती. "भावजी, हांगा जनेल, बाल्दी, पाव, सगळां तांकां कळता! माका वाटलां मुक्यासारखी रवतलंय." जनेल म्हणजे खिडकी; पोर्तुगीज हे शब्द दोन्हीकडे ठेवून गेले होते. किनाऱ्यावरच्या गावात ती दोघं आजोची चौकशी करत हिंडत होती. मग एका गुजराती दुकानदाराने सांगितलं की आत, बऱ्याच अंतरावर, पूर्वी आपल्याकडच्या कोणाचा तरी दुधाचा गोठा होता. जावं की परत फिरावं, हे ठरत नव्हतं, तेव्हाचा तो फोन.

"आंग मोडून आयलां बघ," ती म्हणाली. "काल थंडी वाजली."

"प्रवासाचो शीण तो."

"धवी कशी आसा? दूध दिता?"

मी कधी सांगतो असं मला झालं होतं. "दिता तर! बाल्दी भरून दिता."

"कोणाच्या हाताक?"

"तुझ्या लुगड्याक! न्हेसून बसतंय मी."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणि मिशी दिसना तिका?"

"पदर घेतंय तोंडावरून."

"मग नथ पण घाल माझी, कपाटात आसा!" पुन्हा हसली. मग म्हणाली, "म्हणजे... माझी गरज ना थंय."

"ना गो," मी म्हणालो. "तू आरामात राव. आजोचो गोठो बघूनच ये."

मी खोटं बोललो नव्हतो. वाईटही वागलो नव्हतो. काम चांगलं केलं होतं आणि त्याची शाबासकी घेत होतो. पण ती मला विचारत होती, हे मी ऐकलं नाही. दमलेय, घरी यायचंय, असं वयनीच्या तोंडून आयुष्यात कधी आलं नाही. तिला निमित्त लागायचं. गाय अडलीय, एवढं म्हटलं असतं तरी ती मिळेल त्या विमानाने आली असती. दादाने नंतर सांगितलं, की तो फोन केला तेव्हा तिची बॅग भरलेली होती. फोन ठेवला आणि तिने बॅग परत रिकामी केली.

आत त्यांना काही सापडलं नाही. मक्याची शेतं आणि एक मोडकी पाण्याची टाकी. तिथल्या कोणाला आजोचं नाव माहीत नव्हतं. रस्त्याकडेला एक कळप चरत होता. त्यात एक पांढरी, वशिंडाची गाय होती. वयनी गाडीतून उतरली आणि घरच्यासारखी हाक मारली, "हो धवे, हो..." गायीने मान वर केली, बघितलं आणि परत चरायला लागली. "आमची न्हय ती," वयनी म्हणाली. "कान बघ तिचे." मग ती झाडाखाली बसली. भर उन्हात तिला हुडहुडी भरली होती.

घरी आली ती तापातच. गोठ्यात जाऊन धवीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, तेवढाच. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कुठे गेला होता ते विचारलं, रक्त तपासलं आणि हिवतापच असल्याचं सांगितलं. तो डोक्यापर्यंत गेला होता. "थोडे दिवस आधी आणायला हवं होतं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. ते थोडे दिवस कुठले, हे त्या खोलीत आम्हा दोघा भावांना ठाऊक होतं. दादाने मला आजपर्यंत एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर मला निदान काहीतरी बोलता आलं असतं.

दिवसकार्य झाल्यावर लुगडं दादाने घेतलं. माझ्या बायकोने धुवायला मागितलं तर दिलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तो ते अंगावर घेऊन बसायचा, धवी हुंगायची आणि दूध द्यायची. त्या गोठ्यात वयनी जिवंत आहे असं मानणारं कोणीतरी होतं. मला त्याचाच आधार वाटत होता.

गेल्या आठवड्यात मी तिथे राहायला गेलो होतो. सकाळी दादा गोठ्यातून बाहेर आला, बाल्दी माझ्यासमोर ठेवली आणि पायरीवर बसला. बाल्दी भरलेली होती.

"लुगडां घेवक इसारलंय आज," तो म्हणाला. "तरी दूध दिलां तिना."

मला फोनवरचा वयनीचा प्रश्न आठवला आणि त्याला मी दिलेलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. दादाने खुंटीवरचं लुगडं काढलं, नीट गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि खाली बसला. धवी गवत खात होती. तिने मान वळवलीसुद्धा नाही.